आखरावरचं शेण

ठराव माझ्या हातचा आहे. ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात अक्षर ग्रामसेवकाचं असेल, पण मजकूर माझा. "गावच्या आखरावर रोज पडणारे शेण बेवारस असून ते वाया जाते. सबब ते सामुदायिक गोबरगॅससाठी वापरण्यात यावे." 'सबब' हा शब्दसुद्धा मीच घातला. तेव्हा तो मला फार आवडायचा.

पत्रकं लिहून लिहून हात तसा वळला होता. भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची माझी पैदास. कॉलेजात गेले तेव्हापासून संघटनेची पत्रकं लिहिते आहे. सगळं एका पानात बसलं पाहिजे. वर प्रश्न, खाली मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. पानात जे बसत नाही ते सोडून द्यायचं. त्या उन्हाळ्यात आमचा मुद्दा होता कचऱ्याचा. धानाची तणस शेतातच पेटवतात, राइस मिलचा भुसा तलावाच्या पाळीवर ओततात, शेण पावसात वाहून जातं, आणि बाया चुलीच्या धुरात खोकून खोकून अर्ध्या होतात. हे जाळण्यापेक्षा, सडवण्यापेक्षा त्यातून गॅस काढा, खत काढा, गावाचं इंधन गावात होऊ द्या! यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. खोटं होतं ते ठरावातलं एकच: बेवारस.

आमचं गाव अड्याळहून आसगावकडे जाताना आडवाटेला लागतं. गावाच्या कडेला मोहाच्या दोन झाडांखाली मोकळी जागा आहे, तिला आखर म्हणतात. सकाळी घरोघरची ढोरं सुटली की आधी तिथं गोळा होतात. सगळी आली की गायकी त्यांना चरायला नेतो. गोळा होईपर्यंत तास-दीड तास जातो, आणि तेवढ्यात आखरभर शेण पडतं. ढोरं शेतकऱ्यांची. हे शेण मात्र ज्यांच्या घरी ढोरं नाहीत त्या बाया उचलतात. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बहुतेक, आणि गावाबाहेरच्या टोलीवर राहणाऱ्या काही.

उचलण्याची एक रीत आहे. ज्या बाईनं शेणाचा पो आधी पाहिला ती त्यात वाळल्या तरोट्याची काडी रोवते आणि पुढं जाते. काडी रोवली की ते शेण तिचं. ती तासाभरानं टोपली घेऊन आली तरी चालतं. ज्या बाया हापशीवर एकमेकींच्या झिंज्या उपटतात, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, त्याही एकमेकींची काडी काढत नाहीत. मी हे ऐकीव सांगत नाही. लहानपणी मी स्वतः काड्या रोवल्या आहेत.

म्हणजे मला माहीत होतं. भंडाऱ्याहून आलेल्या इंजिनियरनं फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, "या शेणाची मालकी कोणाची?" तेव्हा मी एका श्वासात म्हटलं, "कोणाचीच नाही, सर." काडीला काय कायदा, असं वाटलं. आणि हीच मी, 'जंगल वापरणाऱ्याचं जंगल' म्हणून वनहक्काच्या मोर्चात घसा फाडून ओरडलेली!

माझी मोठाई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, आमच्यापासून दोन घरं सोडून एकटी राहते. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. ती दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाते, कापणीला जाते आणि उन्हाळाभर आखरावरचं शेण आणून गोवऱ्या थापते. योजनेतलं सिलेंडर तिच्याकडंही आहे, रिकामं, तांदळाचा डबा ठेवायला. मृग लागला की दिवाळीपर्यंत गोवरी वाळत नाही, म्हणून तिला सगळा पावसाळा उन्हाळ्यातच थापून ठेवावा लागतो. आमच्या घरी तसं नाही. बाबा मोटरसायकलनं वरठीला कारखान्यात जातात. पगार सुरू झाला त्या वर्षी आईनं टोपली टाकली. मोठाईची टोपली राहिली.

ग्रामसभा ठेवली ती नेमकी मोहफुलांच्या दिवसांत. बाया पहाटेपासून मोह वेचायला रानात. सभेत पुरुष, आणि मी. ठराव एकमतानं झाला. मी त्याचा फोटो काढून संघटनेच्या ग्रुपवर टाकला.

वैशाखात पंचायतीच्या मागं गोबरगॅसचा घुमट बांधून झाला. इंजिनियरनं बजावलं, पहिला भराव खूप लागतो आणि तो सलग पडला पाहिजे. बारा दिवसांनी मोठे साहेब पाहायला येणार होते, तोवर शेगडी पेटायला हवी होती. सरपंचांनी ट्रॅक्टर-ट्रॉली दिली, एक ड्रायव्हर दिला. हा आमच्याच गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, सरपंचांच्या भावकीतला, माझ्या दोन वर्षं पुढं शाळेत होता. पहिल्या सकाळी मीही ट्रॉलीत बसून गेले. सुरुवात आपल्या डोळ्यांदेखत व्हावी म्हणून.

ढोरं नुकतीच गेली होती. ड्रायव्हर फावडं घेऊन उतरला आणि चार पावलांवर थांबला.

"काय झालं?"

"ताई, काड्या आहेत."

पाहिलं तर एकूण एक पो काडी रोवलेला. त्या दिवशी एकही सुटला नव्हता.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? काडीचं शेण मी नाई उचलत. माही माय मले घरात घेणार नाई."

मोहाच्या झाडाखाली बाया उभ्या होत्या. पुढं मोठाई, कमरेवर टोपली. ती म्हणाली, "काहून आली गे? पत्रक वाटाले?"

"मोठाई, ठराव झाला आहे."

"कोणाचा?"

"गावाचा."

"मंग मी कोन्या गावची आहो?"

मागून एक बाई म्हणाली, "तिच्या कागदात आपलं गाव नसन वो."

मी समजावून सांगायला लागले. धूर, डोळे, फुप्फुसं. पाठ होतं सगळं. "रात्रभर खोकतेस तू. गॅस आला की बटन फिरवलं, शेगडी पेटली."

"माह्या घरी?"

पहिल्या टप्प्याची पाइपलाइन घुमटापासून मोठ्या रस्त्यानं जात होती. सरपंचांचं घर, त्यांच्या भावकीची घरं, शेवटी दुकान. आमचा मोहल्ला नकाशात होता, पण तुटक रेषेनं.

"दुसऱ्या टप्प्यात," मी म्हटलं.

"टप्पा म्हंजे कवा?"

"मंजूर झाला की."

"तवरोक काय ठराव पेटवून भात शिजवू?"

बाया हसल्या. ड्रायव्हरही हसला, मग मान वळवून ट्रॉलीचा टायर पाहू लागला. एवढ्यात सरपंचांचा फोन. "ताई, भराव सुरू झाला का? साहेबांची तारीख पक्की आहे. तुमच्याच लोकाईले तुम्ही नाई समजावणार तं कोण समजावन?"

तुमच्याच लोकाईले. सरपंचांना दोन शब्द सुनवायचे तर मी फोन ठेवला, आणि राग काढला तो भलतीकडं. मला कोणी हसलेलं सहन होत नाही. मी चालत गेले, वाकले, सगळ्यात जवळच्या शेणातली काडी उपटली आणि फेकून दिली.

कोणी ओरडेल असं वाटलं होतं. कोणी ओरडलं नाही. गायकी आखराच्या टोकाला मागं राहिलेली एक गाय हाकत होता, तोही थांबला. आता थांबले तर हरले, एवढंच डोक्यात होतं. दुसरी काडी उपटली. तिसरी. मग मोजायचं सोडलं. ड्रायव्हर फावड्याला हात लावेना, म्हणून हातानंच घमेलं भरलं. मोठाईनं कमरेवरची टोपली खाली घेतली, तिच्या तळाची माती झटकली आणि घराकडं चालायला लागली. तिच्या मागं बाकीच्या.

असं अकरा सकाळी चाललं. बाया रोज यायच्या, काड्या रोवायच्या, झाडाखाली उभ्या राहायच्या. मी रोज उपटायची. दुसऱ्या दिवसापासून त्या हसल्या नाहीत की बोलल्या नाहीत. मी हापशीवर गेले की रांगेतले पाण्याचे गुंड बाजूला सरकायचे आणि मला आधी भरायला जागा व्हायची, पाहुण्यांना करतात तशी. घरी आई ताट वाढताना म्हणाली, "बापाचा पगार आहे नं, म्हून तुले ते नुसती काडी दिसते." मी तिला पर्यावरणावर ऐकवलं. तिनं भात वाढला आणि उठून गेली.

मोठाईच्या अंगणात दरसाल त्या दिवसांत गोवऱ्यांचा ढीग माणसाच्या छातीएवढा होतो. मी येता-जाता तिरप्या नजरेनं पाहत होते. तो गुडघ्यावर थांबला होता.

बाराव्या दिवशी साहेब आले. सरपंचांच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटली, निळी, नीट, आवाज न करता. खरं सांगते, मला आनंद झाला. ती ज्योत खोटी नव्हती. फोटो निघाले. त्याच शेगडीवर चहा झाला. चहा पिऊन मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले.

तिथं गोठा होता. बैलजोडी, दोन गाई, एक म्हैस. गोठ्यामागं खताचा खड्डा. खड्डा काठोकाठ भरलेला, वर सकाळचं ताजं शेण, अजून ओलं. मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. या घरातून घुमटात एक टोपलीसुद्धा गेली नव्हती. मग मी त्या गल्लीतल्या एकेका घराच्या मागं डोकावत गेले, चोरासारखी. ज्याच्या घरी पाइप पोचला त्याच्याकडं गोठा होता, आणि ज्याच्याकडं गोठा त्याचा खड्डा भरलेला.

सरपंच त्या मोठ्या साहेबांना गाडीपर्यंत सोडून परतत होते. मी विचारलं, "भाऊ, तुमच्या गोठ्यातलं शेण का नाही दिलं?"

त्यांना प्रश्नच कळेना. "ते खताचं आहे, ताई. धानाले लागते. ते कसं देऊ?"

ते खोटं बोलत नव्हते, लपवतही नव्हते. त्यांना खरंच नवल वाटलं. त्यांच्या अंगणात पडलं ते खत, आणि मोठाईच्या टोपलीत पडायचं तो कचरा. आणि हे त्यांनी ठरवलं नव्हतं. हे मी लिहून दिलं होतं, 'सबब' घालून.

मी तशीच मोठाईकडं गेले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं." तिनं सूप हलवणं थांबवलं नाही.

"मले कायले सांगते?"

"मग कोणाला सांगू?"

"सभेत बोलली होती नं? सभेतच बोल."

दुसऱ्या दिवशी मी आखरावर गेले नाही. ड्रायव्हर रिकामी ट्रॉली घेऊन परत आला. मला वाटलं, चला, आता बाया उचलतील. त्यांनी हात लावला नाही. सरपंचांनी मोहल्ल्यात निरोप धाडला होता, ठराव मोडला तर केस होईल. पण भीतीपेक्षा दुसरंच काही होतं. मी घरोघरी विनवत गेले, तर एकीनं दारातूनच सुनावलं, "ठराव तुहा, शेण तुहं. खाय."

शेण पडून राहिलं. ऊन असं की दुपारपर्यंत त्यावर पापुद्रा धरायचा, दुसऱ्या दिवशी ढोरं ते तुडवायची. मी ठरावात लिहिलं होतं ते आता खरं झालं होतं. बेवारस होतं, आणि वाया जात होतं. रोहिणी नक्षत्र लागलं होतं. पवनीकडून रोज संध्याकाळी ढग वर यायचे, बिजली चमकायची. मी अंगणात झोपून पाहायची आणि पहिल्यांदा पाऊस लांबावा असं वाटायचं. गावातला एकेक शेतकरी त्याच ढगाला हात जोडत होता.

खास ग्रामसभेसाठी अर्ज दिला. सरपंच म्हणाले, "पेरणी झाली की घेऊ." पेरणी म्हणजे पाऊस, आणि पावसानंतर सभा घेऊन काय उपयोग? मी पत्रक लिहायला बसले. शीर्षक सुचलं, मागण्या सुचल्या, आणि मी पान फाडलं. पत्रक वाचून मोहल्ल्यातली एकही बाई सही करणार नव्हती. सभेच्या मागणीचा साधा कागद घेऊन तीन दिवस दारोदार गेले. प्रत्येक ओट्यावर आधी शिव्या खाल्ल्या, मग सही मिळाली. शेवटची सही मोठाईची. तिनं नाव लिहिलं, कागद उलटा करून मागं काय आहे ते पाहिलं, आणि दिला. ड्रायव्हरनंही सही केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एवढ्या सह्यांपुढं सरपंचांना सभा घ्यावीच लागली. ती शाळेच्या वर्गात भरली. या वेळी बाया आल्या, आणि जागा नाही म्हणून खिडक्यांपाशी उभ्या राहिल्या. सरपंचांनी सुरुवातीलाच प्रोसिडिंग बुक उघडून माझ्यापुढं सरकवलं. "हा ठराव ताईनंच लिहिला. आता त्याच म्हणतात मोडा. लेकराचा खेळ आहे का हा?"

"मीच लिहिला," मी म्हटलं. "खोटा लिहिला. मला माहीत होतं ते शेण कोणाचं आहे, तरी बेवारस म्हटलं." मी बुक मिटून त्यांच्याकडं परत सरकवलं. "आता मला सांगा, पाइपवाल्या घरांपैकी कोणी आपल्या गोठ्यातली एक टोपली घुमटात टाकली? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. एक शेतकरी उखडला. "आमच्या घरचं शेण आमचं. त्याचं काय विचारून राहिली?"

खिडकीतून मोठाई म्हणाली, "अन् माह्या काडीचं कोणाचं?"

"रस्त्यावर पडलं ते तुमचं कसं झालं वो? ढोरं आमची!"

वर्गात एकदम गलका झाला. ढोरं आमची, मग ढोरं चरतात ती झुडपी जमीन कोणाची, मग गायकीचा पगार कोण देतं, सगळं बाहेर यायला लागलं. दोघं बाह्या सावरत उठले. ग्रामसेवकानं पेनाचं टोपण लावलं. सभा उधळणार हे मला दिसत होतं. उधळली की पाऊस येईपर्यंत दुसरी होणार नव्हती.

तेव्हा पुढच्या बाकावरून एक म्हातारी उठली. ड्रायव्हरची आई. शेतीवाली, पाइपवाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाह्या सावरणाऱ्यांकडं पाहून म्हणाली, "बसा रे. काडीचं शेण कोणी उचलत नसते. माही सासू सांगून गेली. तुमच्या माय नाई सांगून गेल्या का?"

ते बसले. म्हातारीशी वाद घालायची सोय नव्हती. अर्ध्या गावाची ती नात्यानं काकू लागत होती.

नवीन ठराव मी लिहिला नाही. मी सांगत गेले, मोठाई आणि ती म्हातारी दुरुस्त करत गेल्या, ग्रामसेवक लिहीत गेला. आखरावरचं शेण उचलणाऱ्या बायांचं. ज्याच्या घरी शेगडी, त्यानं रोज आपल्या गोठ्यातली एक टोपली घुमटात टाकायची. टाकली नाही तर त्याचा कॉक बंद. सरपंचांनी सही केली आणि माझ्याकडं न पाहता निघून गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायांना सकाळी लवकर उठायचं होतं.

सकाळी आखरावर काड्या होत्या आणि टोपल्याही होत्या. मी गेले नव्हते, आईनं सांगितलं. ती पाहून आली होती. त्यानंतर सहा दिवस ऊन मिळालं. सातव्या दिवशी दुपारी पाऊस आला, तो हटला नाही. शेवटच्या थापलेल्या गोवऱ्या भिंतीवरच गळून गेल्या.

गोबरगॅस अजून आहे. काही घरं टोपली टाकतात, काही टाळतात, पावसाळ्यात ज्योत बारीक होते. तरी ती चालावी असंच मला वाटतं, आणि तुटक रेषा भरून यावी म्हणून मी पंचायतीत जाऊन भांडते. पण त्या वर्षीचे ते दिवस, अकरा माझ्या हातानं गेलेले आणि बाकीचे मानापायी गेलेले, कोणत्याच ठरावानं परत येणार नव्हते.

भादव्यात मोठाईच्या गोवऱ्या संपल्या. मी सिलेंडर भरून आणते म्हटलं. ती म्हणाली, "अन् मंग पुढच्या महिन्यात?" दोन दिवसांनी पावसाची उघडीप होती, तिच्या घरावरून जात होते, तर ती भाजीच्या वाडीच्या कुंपणाचे बांबू उपटून काढत होती. आत भेंडी होती, दोडक्याचा वेल होता.

"मोठाई, शेळ्या शिरतील."

"शिरतीन तं शिरतीन. भात कच्चा खाऊ का?"

मी चप्पल काढून चिखलात उतरले. तिनं एक लांब बांबू जमिनीवर आडवा टाकला आणि कुऱ्हाड उचलली.

"धर तिकडून," ती म्हणाली. "हालवू नोको."

मी धरला.